पहिली खाऱ्या पाण्याची टाकी: छोटी घ्या, पण फार छोटी नको

प्रश्न असा आला आहे: गोड्या पाण्यातले मासे काही वर्षं नीट सांभाळले आहेत, आता टेबलावर मावेल अशी खाऱ्या पाण्याची छोटी टाकी लावायची आहे. २० लिटरची चालेल का, सामान काय काय लागेल आणि क्लाउनफिशची जोडी किती दिवसांत सोडता येईल?

थोडक्यात सांगायचं तर २० लिटरची नको, ६० ते १०० लिटरच्या मधली घ्या. सामान तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कमी लागेल. आणि मासे महिना-दीड महिना तरी आणू नका. आता सविस्तर.

२० लिटर का नको ते आधी बघू, कारण पुढचं बरंचसं त्यातूनच येतं. समुद्राच्या पाण्यात किलोमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ३५ पीपीटी. टाकीतलं पाणी रोज उडून जातं, मीठ मात्र मागेच राहतं. उघड्या टाकीतून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी कमी होतं असं धरू. खोलीत पंखा चालू असेल तर एवढं सहज होतं. ४० बाय २५ सेंटिमीटरच्या छोट्या टाकीत ५ मिलिमीटर म्हणजे अर्धा लिटर. २० लिटरच्या टाकीत दगड आणि वाळू गेल्यावर प्रत्यक्ष पाणी १५ लिटरच राहतं. तीन दिवस कोणी बघितलं नाही, तर त्यातलं दीड लिटर गेलं आणि खारेपणा ३५ वरून ३९ च्या घरात पोचला. ६० बाय ४० सेंटिमीटरच्या, ऐंशीएक लिटरच्या टाकीतूनही रोज तेवढेच मिलिमीटर उडतात, पण तिथे पाणी ६५ लिटर असतं. तीन दिवसांनी आकडा ३७ च्या आसपास दिसतो. तो सावकाश खाली आणता येतो. तीन दिवसांत चार अंकांची उडी मात्र मासा एकवेळ सोसेल, कोळंबीला आणि कोरलला ती झेपत नाही.

अमोनियाचंही (घाणीतून आणि मेलेल्या जिवांतून पाण्यात साठणारं विष) तेच, तापमानाचंही तेच. दगडामागे एखादी गोगलगाय मेली तर ६५ लिटरमध्ये तुम्हाला वास येईपर्यंत वेळ मिळतो, १५ लिटरमध्ये सकाळी थेट निकालच दिसतो. छोटी टाकी सोपी वाटते ती जागेपुरती. चूक लक्षात येऊन ती सुधारायला ती फार कमी वेळ देते. दुकानात वीस-तीस लिटरचे देखणे नॅनो संच नवशिक्यांसाठी म्हणून मांडलेले असतात. ते खरं तर ज्यांचा हात बसला आहे त्यांच्यासाठी आहेत.

आकार ठरला की जागा ठरवा. ८० लिटरची टाकी पाणी, दगड, वाळू आणि काच धरून १०० किलोच्या वर जाते, त्यामुळे लिहायच्या टेबलावर ती ठेवू नका. स्टँड पक्का हवा आणि पातळीत हवा. स्पिरिट लेव्हल लावून बघा. थेट ऊन येणारी खिडकी टाळा. विजेचा बोर्ड टाकीच्या बाजूला आणि पाण्याच्या पातळीच्या वर असेल असं बघा, आणि प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळावरून खाली टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं आणि मिठाची पांढरी खपली वायरवरून हळूहळू चढत जाते. त्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. यात काटकसर नको.

सामानाची यादी लांबवण्यात विक्रेत्याचा फायदा असतो, म्हणून मी नक्की लागणाऱ्या गोष्टी सांगतो. टाकी आणि वर जाळीचं झाकण. एक हीटर, लिटरला साधारण एक वॉट या हिशोबाने. पाणी हलवायला एक छोटा पॉवरहेड. मागे टांगायचा साधा फिल्टर, ज्यात स्पंज आणि अधूनमधून कार्बन ठेवता येईल. एक एलईडी दिवा. अरागोनाइट (चुनखडीच्या जातीची) वाळू, दगड, सागरी मीठ, खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर, थर्मामीटर आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) यांचे टेस्ट किट. पाणी बनवायला दोन बादल्या, ज्यांत कधीही साबण गेला नाही आणि जाणार नाही. प्रोटीन स्किमर, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र, ८० लिटरला लागतोच असं नाही. मासे तीन-चार असतील आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणार असाल, तर ते काम पाणी बदलण्याने होतं. अल्ट्राव्हायोलेट दिवा, रिअ‍ॅक्टर, डोसिंग पंप हे सगळं आत्ता विसरा.

पैसे कुठे घालायचेच असतील तर पाण्यात घाला. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं, कधी नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट, आणि जुन्या पाइपमधून आलेलं तांबं. माशाला चालेल एवढं तांबंसुद्धा कोळंबी आणि गोगलगायीला मारू शकतं. त्यामुळे आरओडीआयचं पाणी हवं, म्हणजे आरओ आणि त्यानंतर उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन यांतून गाळलेलं, ज्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मीटरवर शून्य दिसतो. इथे बरेच जण म्हणतात, घरी पिण्याचा आरओ आहे की! तो पिण्यासाठी चांगला आहे, टाकीसाठी नाही. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून बऱ्याच घरगुती यंत्रांत थोडे क्षार मुद्दाम परत मिसळतात, शिवाय शेवटची डीआय रेझिनची पायरी त्यांत नसते. मीटर लावून बघा, शून्य क्वचितच दिसेल. यंत्र घेणं जमत नसेल तर डिस्टिल्ड पाणी विकत आणा. ८० लिटरच्या टाकीला ते परवडतं. समुद्रकिनाऱ्यावरून कॅन भरून आणायचा मोह आवरा. किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी, तेल, गाळ आणि परजीवी काय काय असेल ते डोळ्यांना दिसत नाही.

मीठ म्हणजे स्वयंपाकघरातलं नाही, हे गोड्या पाण्यातून येणाऱ्यालाही माहीत असतं. तरी सांगितलेलं बरं. सागरी मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट असं बरंच काही ठरावीक प्रमाणात असतं. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, नेमका आकडा पाकिटावर असतो. बादलीत आधी पाणी घ्या, त्यात छोटा पंप चालू करा आणि मग मीठ थोडं थोडं टाका. मिठावर पाणी ओतलं तर सुरुवातीच्या त्या दाट द्रावणात कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. काही तास फिरू द्या, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलं की मोजा.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटरच घ्या. काट्याचा प्लास्टिक हायड्रोमीटर स्वस्त असतो, पण काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी तो खोटं बोलतो. रिफ्रॅक्टोमीटरही ३५ पीपीटीच्या प्रमाण द्रावणावर जुळवून घ्यावा लागतो. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलं आणि झालं असं नाही, कारण स्वस्त उपकरणांची पट्टी बहुतेक वेळा साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असते, समुद्राच्या पाण्यासाठी नाही. लक्ष्य ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या जवळ. ३४ असलं तरी काही बिघडत नाही. आज ३३ आणि परवा ३६ असं झालं की बिघडतं.

आता रोजचं काम. टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीला टेपची एक बारीक पट्टी लावा. रोज सकाळी पाणी त्या पट्टीपर्यंत आणा, आणि ते साध्या आरओडीआय पाण्याने. खाऱ्या पाण्याने नाही. नवीन माणूस नेमका इथे फसतो: टाकी खाऱ्या पाण्याची आहे, म्हणजे भरही खाऱ्या पाण्याची घालायची असं त्याला वाटतं. १५ लिटर पाण्याच्या त्या छोट्या टाकीचा हिशोब करून बघा. रोज अर्धा लिटर खारं पाणी घातलं तर रोज साडेसतरा ग्रॅम मीठ जास्तीचं गेलं, आठवड्याला खारेपणा आठ अंकांनी वर. मासे धापा टाकायला लागतात आणि माणूस औषध शोधत बसतो. हे काम आपोआप करणारा सेन्सर आणि छोटा पंप मिळतो, त्याला एटीओ म्हणतात. स्किमरऐवजी मी आधी तो घ्यायला सांगेन. त्याच्या डब्यात पाच-सहा लिटरच पाणी ठेवा. सेन्सर अडकून पंप चालूच राहिला तर टाकीत किती गोडं पाणी जाऊ शकतं, हे डब्याच्या आकारानेच ठरतं.

दगडांकडे येऊ. सच्छिद्र दगड हाच या टाकीचा खरा फिल्टर. १९६१ मध्ये इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांची पद्धत प्रसिद्ध झाली, त्यात समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे, जवळपास एवढंच होतं. आज उपकरणांचा डोंगर झाला असला तरी मूळ गोष्ट तीच आहे: दगडाच्या पृष्ठभागावर आणि छिद्रांत जिवाणू वाढतात, ते माशांची घाण पचवतात. लाइव्ह रॉक मिळाला तर टाकी लवकर तयार होते, पण त्याबरोबर नको ते पाहुणेही येतात. कोरडा दगड स्वस्त आणि निर्धोक, फक्त वेळ जास्त घेतो. ८० लिटरला आठ ते दहा किलो भरपूर झाला. दगड आधी थेट तळाच्या काचेवर टेकवा, हलवून बघा, हवं तर एपॉक्सीने जोडा, आणि मग भोवती दोन-तीन सेंटिमीटर वाळू घाला. उलटं केलंत, म्हणजे वाळूवर दगड रचलेत, तर बिळं करणारा गोबी मासा किंवा पिस्तुल कोळंबी खालून वाळू उपसेल आणि एके रात्री दगड काचेवर येईल. भिंतीला टेकून दगडांची उतरंड रचू नका. मागून पाणी फिरायला आणि तुमचा हात जायला जागा ठेवा.

सायकलिंग, म्हणजे मासे आणण्याआधी टाकीत जिवाणू वाढवणं, तुम्हाला गोड्या पाण्यातून माहीत आहे: जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट. इथे दोन फरक आहेत. पहिला, खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी वाटा मोठा. गोड्या पाण्यात पीएच ७ ला जे प्रमाण निभावून जात होतं, ते इथे निभावत नाही. दुसरा फरक उलट दिशेचा आहे: नायट्राइट इथे तेवढं घातक नसतं, कारण पाण्यात भरपूर असलेलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही. त्यामुळे नायट्राइटचा आकडा बघून घाबरू नका, अमोनियाचा बघून घाबरा. शिवाय नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटची टेस्ट फुगवून आकडा दाखवते, त्यामुळे त्या काळात नायट्रेट मोजण्यात अर्थ नाही.

मासा सोडून सायकल करायचे दिवस गेले. अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाखात दोन भाग) न्या, बाटलीतले जिवाणू टाका, पंप आणि हीटर चालू ठेवा, दिवा बंद. दिवा बंद ठेवला म्हणजे शेवाळाला निष्कारण सुरुवात मिळत नाही. दर दोन-तीन दिवसांनी मोजत राहा. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा २ पीपीएम घाला. तो चोवीस तासांत शून्य झाला आणि नायट्राइटही उतरलं, की टाकी तयार. बाटलीतल्या जिवाणूंनी कधी दोन आठवड्यांत होतं, कोरड्या दगडाला सहा आठवडेही लागतात. मग एकदा मोठा पाणीबदल करा आणि पहिला जीव आणा.

त्यानंतरचा काळ फोटो काढण्यासारखा नसतो. आधी वाळूवर आणि काचेवर तपकिरी भुकटी बसते, ते डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. पाण्यात आणि नव्या वाळूत असलेलं सिलिकेट संपत आलं की बहुधा आपोआप जातात. मग हिरवं शेवाळ, कधी लालसर बुळबुळीत थर. पहिले तीन-चार महिने हे येत-जात राहणार. या काळात लोक औषधं ओततात, दगड काढून घासतात, काही तर टाकीच मोडतात. काहीही करू नका असं मी म्हणत नाही: काच पुसा, थर सायफनने ओढून घ्या, खाणं कमी करा, दिवा आठ तासांवर आणा. पण नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणायच्या मागे लागू नका. दोन्ही शून्य झालेल्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट नावाची चिकट, बुडबुडे धरणारी तपकिरी जाळी माजते आणि ती साध्या शेवाळापेक्षा कितीतरी चिवट असते. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम राहिलं तर उत्तम. शेवाळ दिसू लागल्यावरच गोगलगायी आणा, ट्रोकस किंवा सेरिथ जातीच्या चार-पाच. स्वच्छ टाकीत आधीच आणून ठेवलेल्या गोगलगायी उपाशी मरतात आणि मेलेली गोगलगाय म्हणजे पुन्हा अमोनिया.

तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअसवर स्थिर ठेवा. जिथे उन्हाळा कडक असतो तिथे हीटरपेक्षा गारवा ही मोठी अडचण. पाणी जितकं गरम आणि जितकं खारं, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. ३० च्या वर दिवसचे दिवस राहिलं तर मासे पृष्ठभागाशी येऊन श्वास घेताना दिसतील. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा छोटा पंखा दोन-तीन अंश सहज उतरवतो. अर्थात त्याने पाणी दुपटीने उडतं, म्हणजे भर घालण्याचं काम वाढलं. काचेचं झाकण लावलं तर उष्णता कोंडते, म्हणून वर जाळी म्हटलं. जाळी मात्र हवीच. फायरफिश, गोबी, रास हे मासे रात्री दचकून उड्या मारतात आणि सकाळी जमिनीवर सापडतात. पाणी बदलताना हीटरचा प्लग आधी काढा. उघडा पडलेला गरम हीटर गार पाणी लागलं की तडकतो.

आता मासे. ऑसेलॅरिस क्लाउनफिश ही नवशिक्याची निवड चांगलीच आहे, फक्त टाकीत जन्मलेले घ्या. समुद्रातून पकडलेल्या क्लाउनबरोबर ब्रूकलिनेला नावाचा परजीवी बऱ्याचदा येतो आणि तो काही दिवसांत मासा नेतो. दोन पिल्लं घ्या, एक मोठं, एक लहान. क्लाउन आधी नर म्हणून वाढतात. जोडीतला मोठा आणि दांडगा मासा पुढे मादी होतो, लहान नर राहतो. दोन सारख्या आकाराचे प्रौढ आणलेत तर मादी कोण होणार यावरून मारामाऱ्या होतात. अ‍ॅनिमोन, म्हणजे क्लाउन निसर्गात ज्यात राहतात तो फुलासारखा दिसणारा प्राणी, त्यांना लागत नाही. तो फोटोत छान दिसतो, पण त्याला जुनी, स्थिरावलेली टाकी आणि तेज दिवा लागतो. शिवाय तो चालतो. एकदा पॉवरहेडच्या जाळीत ओढला गेला की सगळी टाकी विषारी करून जातो. वर्षभर त्याचं नाव काढू नका.

सगळ्यांना क्लाउन पहिले हवे असतात. मी ते शेवटी सोडायला सांगतो, कारण ते एकदा कोपरा धरून बसले की पुढच्या प्रत्येक माशाला पळवतात. आधी लाजरा मासा सोडा, उदाहरणार्थ फायरफिश. किंवा त्याहून मजेदार काही हवं असेल तर पिवळा वॉचमन गोबी आणि पिस्तुल कोळंबीची जोडी आणा. ही कोळंबी दिवसभर बीळ खणते, बुलडोझरसारखी वाळू ढकलत बाहेर येते, पण तिला नीट दिसत नाही. म्हणून बाहेर आली की ती एक मिशी गोबीच्या अंगावर ठेवते. गोबी बिळाच्या तोंडाशी बसून पहारा देतो, धोका दिसला की शेपटी थरथरवतो आणि मिशीतून इशारा मिळताच कोळंबी आत पळते. तुम्ही हात टाकीजवळ हळूच नेऊन बघा, आधी शेपटी हलते, मग कोळंबी गायब होते, आणि सगळ्यात शेवटी गोबी आत जातो. तिच्या पंज्याचा टच्च असा आवाज रात्री ऐकू आला तर काच तडकली समजून उठून बसू नका.

फायरफिश, गोबी आणि दोन क्लाउन, म्हणजे ८० लिटर भरलं. दोन आणण्यांमध्ये किमान दोन-तीन आठवडे जाऊ द्या. निळा टँग लहान असताना कितीही गोड दिसला तरी तो फूटभर होतो आणि पोहायला लांब जागा मागतो. मँडरिन दिवसभर दगडावरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपून खातो, नव्या छोट्या टाकीत ते पुरत नाहीत आणि तो हळूहळू वाळत जातो. डॅमसेल स्वस्त आणि काटक म्हणून देतात. काटक आहेतच, आणि तेवढेच भांडखोर. बांगाई कार्डिनल घ्यायचा असेल तर टाकीत पैदास झालेलाच मागा. निसर्गात तो इंडोनेशियातल्या बांगाई बेटांच्या आसपासच सापडतो आणि छंदासाठीच्या पकडीने त्याची संख्या घटली आहे.

दुकानात मासा खाताना दाखवायला सांगा. न खाणारा मासा घरी आणून खाईल या आशेवर घेऊ नका. प्रवास तासाभराचा असेल तर पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवा, खारेपणा मोजा, थोडं थोडं पाणी घालून मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. लांबून पार्सलने आलेल्या माशाला मात्र तासभर थेंब-थेंब पद्धतीने बसवू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, म्हणून साठलेला अमोनिया फारसा टोचत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तिथे टाकीचा खारेपणा आधी पिशवीशी जुळवून मासा लवकर हलवणं बरं.

शक्य असेल तर हे सगळं आधी वेगळ्या, उघड्याबोडक्या टाकीत करा, जिला क्वारंटाइन म्हणतात: स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पाइपचा तुकडा, चार ते सहा आठवडे. नवशिके ही पायरी गाळतात, कारण अंगावर पांढरे ठिपके आले तर औषध घालू असं वाटतं. सागरी इक, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, याची गंमत अशी की ठिपके काही दिवसांत आपोआप गळतात. माणूस खूश होतो. पण परजीवी माशावरून उतरून वाळूत आणि दगडावर कोश करून बसलेला असतो, तिथून शेकड्यांनी पिल्लं सोडतो आणि पुढची लाट दाट येते. त्यावरचं खात्रीचं औषध तांबं, आणि तांबं मुख्य टाकीत घालता येत नाही: दगड ते शोषतो, कोळंबी, गोगलगाय, कोरल मरतात. मग मासे बाहेर काढून औषध करायचं आणि मुख्य टाकी सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ माशांविना ठेवायची, अशी वेळ येते. त्यापेक्षा आधीची एक साधी टाकी परवडते.

कोरलची घाई नको, पण मऊ कोरल फार अवघडही नाहीत. टाकी चार-पाच महिन्यांची झाली, केएच ८ ते ९ वर टिकायला लागला की मशरूम कोरल, लेदर कोरल सुरू करा. यांना आठवड्याच्या पाणीबदलातून मिळतं तेवढं पुरतं, वेगळं डोसिंग, म्हणजे कॅल्शियमसारखी खनिजं वरून घालणं, लागत नाही. ग्रीन स्टार पॉलिप सुंदर दिसतो, पण गवतासारखा पसरतो. त्याला वाळूतल्या एकट्या दगडावर ठेवा. झोअँथिड (बटणांच्या झुबक्यासारखे दिसणारे कोरलसदृश जीव) घेणार असाल तर एक गोष्ट गांभीर्याने घ्या: त्यांतल्या काहींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावा, आणि ते असलेला दगड कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, ब्रशने खरवडू नका. वाफेतून विष श्वासात जाऊन घरची घरं रुग्णालयात पोचल्याची उदाहरणं आहेत.

दगडावर काचेसारखं पारदर्शक, तपकिरी झाक असलेलं छोटं फूल उगवलेलं दिसलं तर तो एप्टेशिया, नको असलेला छोटा अ‍ॅनिमोन. त्याला खरवडू नका, प्रत्येक तुकड्यातून नवा उगवतो. पेपरमिंट कोळंबी बहुधा त्याचा समाचार घेते. रात्री दगडातून डोकावणारे केसाळ किडे दिसले तर घाबरू नका, ते उरलंसुरलं खाऊन साफ करतात. नुसत्या हाताने फक्त धरू नका, केस टोचतात.

खाणं दिवसातून एकदा, फार तर दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) आधी टाकीच्या थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या, वरचं पाणी फेका. आठवड्यातून एकदा सात-आठ लिटर पाणी सायफनने काढा, त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज पिळून धुवा, आणि तापमान व खारेपणा जुळलेलं नवीन पाणी घाला. याला जेमतेम अर्धा तास लागतो.

वीज जाण्याची सोय आधीच करून ठेवा. दिवा आणि फिल्टर काही तास बंद राहिले तर चालतं, पाणी हलणं बंद झालेलं चालत नाही. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, जो वीज गेली की आपोआप सुरू होतो, तो टाकीला जोडूनच ठेवा. आणि चार दिवस बाहेर जाणार असाल तर मागे राहणाऱ्या माणसाला फक्त दोन कामं सांगा: टेपच्या पट्टीपर्यंत साधं पाणी घालायचं, आणि वार लिहिलेल्या पुड्यांतली त्या दिवसाची पुडी टाकायची. प्रत्येक पुडीत नेहमीपेक्षा निम्मं खाणं ठेवा, आणि मुख्य डबा कपाटात बंद करून जा. मोठ्या माशांना चार दिवस खाणं कमी पडलं तरी काही होत नाही, पण प्रेमाने जास्तीचं टाकलेलं खाणं तुम्ही परत येईपर्यंत अमोनिया झालेलं असतं.